घरात काम काढलंय, तर बाकीच्यांचा किती विचार करायचा?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधल्या एका नवराबायकोनं नव्वदच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रिसेलमध्ये घेतलाय. फरशी, दोन्ही बाथरूम, किचन, वायरिंग सगळंच नवं करायचंय, दोनेक महिन्यांचं काम. अजून हातोडा पडला नाही तोवर सोसायटीच्या ग्रुपवर वाजलंय. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात मला आवाज सहन होत नाही, सेक्रेटरी म्हणतात आधी डिपॉझिट भरा, एक काका म्हणतात आमच्या वेळी असली थेरं नव्हती. आणि हे दोघं विचारतायत की आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं, पण म्हणून घर नीट करायचंच नाही का, किती विचार करायचा आणि कुठे थांबायचं.

मी वीसेक वर्षं पुण्यात हीच कामं करतोय, रिसेल फ्लॅट, जुने बंगले, मधूनमधून पेठेतली एखादी वाड्याची खोली. त्यामुळे सरळ सांगतो. विचार कराच, पण तुम्ही ज्या क्रमानं करताय तो क्रम उलटा आहे. आजींचा आवाजाचा त्रास खरा आहे, पण तुमच्या कामातून लोकांना जे जे सोसावं लागणारे त्याची यादी केली तर तो पाचव्या-सहाव्या नंबरला येईल. तो पहिल्या नंबरवर दिसतो कारण आजी बोलल्या. बाकीचे बोलणार नाहीत, कारण एक तर त्यांना कळणारच नाही की हे तुमच्यामुळे झालं, किंवा कळलं तरी ते तुमच्या ग्रुपवर नाहीत. मी तरी प्रत्येक कामाआधी एवढंच बघतो की या घरातून काय काय बाहेर जाणारे आणि ते कुठे जाऊन पडणारे. आवाज, पाणी, धूळ, वजन, राडारोडा, वास. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला बसलेला माणूस वेगळा.

आवाजाचं आधी उरकून टाकतो कारण तो सोपा आहे. आरसीसीच्या, म्हणजे सळई-काँक्रीटच्या, बिल्डिंगमध्ये ब्रेकरचा, म्हणजे तोडफोडीच्या मशीनचा, आवाज हवेतून कमी आणि स्लॅब-बीममधून जास्त जातो, म्हणून दार-खिडक्या लावून उपयोग नसतो, आणि म्हणूनच दोन मजले वरच्या माणसालाही वाटतं की आपल्याच डोक्यावर चाललंय. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं राहत्या भागात चालवायचीच नाहीत. ब्रेकर दिवसासुद्धा ५५ मध्ये बसत नाही हे सगळ्यांना माहितीये, तो अर्धा-पाऊण तास चालतो आणि लोक चालवून घेतात. का चालवून घेतात ते समजून घ्या. माणूस आवाज सहन करतो, कधी संपणार हे माहीत नसणं त्याला सहन होत नाही. दोन महिन्यांच्या कामात खरी तोडफोड आठ-दहा दिवसांची असते, पण बहुतेक कॉन्ट्रॅक्टर ती पसरवून ठेवतात, आज थोडी फरशी, मग आठवड्यानं बाथरूम, मग प्लंबरला आठवलं म्हणून परत एक झिरी, म्हणजे पाइप-वायरसाठी भिंतीत कापलेली खाच, मग इलेक्ट्रिशियन त्याची झिरी मारायला वेगळ्या दिवशी येणार. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला सांगा की सगळी तोडफोड आणि सगळ्या झिऱ्या एका दमात, फक्त एक बाथरूम मागे ठेवायचं, का ते पुढे सांगतो. त्यासाठी पॉइंट कुठे, नळ कुठे हे ड्रॉइंग काम सुरू व्हायच्या आधी पक्कं पाहिजे, म्हणजे इथे गृहपाठ तुमचा आहे, तुमची बायको आणि तुम्ही बेसिन कुठल्या भिंतीला यावर तोडफोड चालू असताना चर्चा करत बसलात तर त्याची किंमत आजी देणार.

आणि खाली जिन्यापाशी नोटीस लावताना "दोन महिने काम चालू राहील, सहकार्य करावे" असलं काही लावू नका. लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत १० ते १ आणि ४ ते ६ ब्रेकर चालेल, त्यानंतर ब्रेकर नाही. दुपारी १ ते ४ वर जगानं कितीही विनोद केले तरी ती वेळ पाळा. फक्त आता पुण्यात दुपारी झोपणारे जेवढे आहेत तेवढेच सकाळी झोपणारेही आहेत, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करून पहाटे घरी येणारा मुलगा तुमच्याच जिन्यात असू शकतो, त्याला १० चा ब्रेकर म्हणजे मध्यरात्रीचा. दहावी-बारावीचं कुणी असेल तर फेब्रुवारी-मार्च टाळाच. हे सगळं चार दारं वाजवली की कळतं. ग्रुपवर विचारू नका, ग्रुपवर माणूस वेगळं बोलतो.

आता ज्याबद्दल कुणी बोललेलं नाही ते.

तुमच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड. मिस्त्री दिवसभराचं काम संपलं की घमेली, थाप्या, ग्राउटची, म्हणजे टाइलच्या सांध्यात भरायच्या मालाची, बादली कुठे धुतो? समोर नहाणी असते, तिथेच. ते करड्या रंगाचं पाणी जाताना दिसतं आणि काम स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. पण त्यात सिमेंट आहे आणि सिमेंट पाण्याखालीही सेट होतं. वाकडच्या एका टॉवरमध्ये मला पहिल्या मजल्यावरच्या घरात बोलावलं होतं, ते कुटुंब गणपतीला गावी गेलेलं, परत येऊन दार उघडलं तर किचनमध्ये घोट्याएवढं घाण पाणी, सिंकखालच्या ट्रॉल्या फुगलेल्या, पीठ-डाळी गेलेल्या. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी एकाच पाइपनं खाली येतं, ते तळाच्या बेंडपाशी अडलं की ज्याचं तोंड सगळ्यात खाली त्याच्या घरात निघतं. आम्ही डक्टमध्ये उतरून तो बेंड कापला, आत पाइपच्या आकाराचा गुळगुळीत दगड तयार झालेला, वर टाइलच्या ग्राउटचा फिकट पिवळा थर स्पष्ट दिसत होता. आता हा पिवळा ग्राउट कुणाच्या बाथरूमचा? नवव्या मजल्यावर गेल्या महिन्यात काम झालेलं, चौथ्यावरही झालेलं. कुणीही कबूल झालं नाही आणि खरं सांगायचं तर कुणाला माहीतच नव्हतं, मालक तर साइटवर शनिवारी यायचे. खर्च सोसायटीनं केला, पिठाचे डबे मात्र त्या बाईंनीच धुतले.

यावर उपाय काय, तर एक निळा ड्रम. साइटवर ड्रम ठेवायचा, धुणं-बिणं सगळं त्यात, रात्रभर गाळ खाली बसतो, सकाळी वरचं निवळलेलं पाणी काढून परत कामाला वापरायचं आणि गाळ वाळला की गोणीत भरून राडारोड्याबरोबर द्यायचा. आणि काम सुरू व्हायच्या दिवशीच, माणसांसाठी चालू ठेवलेलं बाथरूम सोडून, घरातली सगळी नहाणीची तोंडं बोळा घालून वरनं पीओपीनं बंद करून टाकायची, म्हणजे मिस्त्रीला मोहच नको. आजपर्यंत एकाही मालकानं मला आपणहून हे विचारलेलं नाही, टाइलचा शेड मात्र दहा वेळा विचारतात.

बाथरूमच्या गळतीचं सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन गोष्टी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, टॉयलेट, सिंक वगैरेची आतली गळती दुरुस्त करणं हा त्या सभासदाचा खर्च, आणि गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीचा. म्हणजे तुमच्या बाथरूममधून आजींकडे ओल गेली तर ती तुमची जबाबदारी, हे उघड आहे. पण नव्वदच्या बिल्डिंगमध्ये बरेचदा ओल आधीपासूनच असते, आणि काम झाल्यावर "हे यांनी केलं" होतं. म्हणून पहिला घाव घालायच्या आधी आजींच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमच्या, किचनच्या छताचे फोटो काढा, त्यांच्यासमोर, आणि त्यांनाही पाठवा. यात संशय काही नाही, उलट पुढचं भांडण दोघांचंही वाचतं. दुसरं, बाथरूमच्या खोलगट भागातला जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा विटा-सिमेंटचा भराव, काढताना वरचा थर ब्रेकरनं काढला तरी स्लॅबजवळ आलं की ब्रेकर बाजूला ठेवून छिन्नी-हातोडा. वेळ जातो, मिस्त्री कुरकुर करतो, पण ब्रेकरची सळई एकदा स्लॅबमध्ये घुसली की कुठलं केमिकल ओतलं तरी तो स्लॅब पहिल्यासारखा होत नाही. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन इंच पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायचं, मग खाली जाऊन त्याच ठिकाणी बघायचं. हे दोनदा, एकदा कोटिंगनंतर, एकदा कोब्यानंतर. हे चार दिवस कॉन्ट्रॅक्टर वाचवायला बघतो कारण त्या दिवसांत त्याची माणसं रिकामी बसतात. ते दिवस कोटेशनमध्येच धरायला लावा.

हल्ली एक फॅशन आलीय, बाथरूम मोठं करायचं म्हणून पॅसेजमध्ये वाढवायचं, किंवा कमोड पलीकडच्या भिंतीला न्यायचा, किंवा सिंक हॉलमध्ये आणून ओपन किचन. तुमच्या डिझाइनमध्ये असेल तर खाली त्या जागेवर काय आहे ते बघून या. बिल्डरनं ओल्या जागा एकावर एक ठेवलेल्या असतात त्याला कारण आहे, खालचा स्लॅब तिथेच खोल घेतलेला असतो, पाइप तिथेच असतात. तुम्ही कमोड तीन फूट सरकवला आणि तो खालच्यांच्या देवघरावर आला, तर तुमची श्रद्धा असो नसो, त्या घरातला माणूस रोज हात जोडताना वर बघणार. मी असली कामं करत नाही, नाही म्हणतो, दुसरा कोणी करून देतो ते वेगळं.

भिंतींचं मात्र गमतीनं घेऊ नका. नव्वदच्या दशकातल्या, त्यातून कमी मजल्यांची बिल्डिंग असेल तर ती लोड बेअरिंगची असू शकते, म्हणजे कॉलमच नाहीत, नऊ इंची भिंतीवरच वरचा स्लॅब बसलाय. ती भिंत "फक्त हॉल मोठा करायला" काढली तर तुमच्या घरात पहिल्या दिवशी काहीही दिसणार नाही. वरच्यांच्या फरशीत रेघ दिसेल, सहा महिन्यांनी, आणि ते म्हणतील टाइल्स खराब निघाल्या. नवीन टॉवरमध्ये उलटं, तिथे मायवनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सगळ्या भिंतीच आरसीसीच्या, त्यात एसीच्या पाइपला होल पाडतानासुद्धा सळई कापली जाते. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हावं असं उपविधीत आहे, तुमची बिल्डिंग तिशीच्या आसपासच असणार. रिपोर्ट नाही म्हणाले तर तुमच्या कामाच्या निमित्तानं तो विषय सोसायटीत काढा, डिपॉझिटवर वाद घालण्यापेक्षा ते सगळ्यांच्या उपयोगाचं. बाल्कनीत लॉन-बिन करायचं डोक्यात असेल तर तेही इथेच सांगून ठेवतो, बाल्कनी साधारण ३०० किलो प्रति चौरस मीटर एवढ्या वापराच्या वजनाला धरलेली असते आणि फूटभर ओली माती पाचशेच्या वर जाते. कुंड्या ठेवा की.

आता राडारोडा, आणि इथे थोडा हिशोब करतो कारण आकडा समोर आला की डोकं ठिकाणावर येतं. तुमचा कार्पेट एरिया सत्तर चौरस मीटरच्या आसपास धरू. जुनी मोझॅक फरशी वीस मिलिमीटर, खाली पन्नासभर मिलिमीटर बेडिंगचा माल. चौरस मीटरला साधारण १४५ किलो. म्हणजे फक्त फरशीचेच दहा टन, बाथरूम-किचनच्या टाइल्स आणि कोबा अजून धरलेलाच नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरला तर पस्तीस किलोच्या तीनशे गोण्या. या तीनशे गोण्या तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार? तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, असली तरी सोसायटीच्या नियमात "लिफ्टमधून राडारोडा नेऊ नये" असणार, कारण दाराच्या खाचेत वाळू गेली की लिफ्ट बंद पडते, नियम चुकीचा नाहीये. पण त्या नियमाचं वजन उचलतो तो बिगारी, जो मजूर अड्ड्यावरून सकाळी आला आणि ज्याला रोजावर आणलंय. जिन्यानं, डोक्यावर, दिवसाला पन्नास-साठ खेपा. सोसायटीशी बोलून बघा, लिफ्टला आतून प्लायवूड लावून, तळाला जाड गोणपाट घालून, दुपारच्या दोन तासांत, गोण्यांची तोंडं बांधून, वजनाची मर्यादा पाळून न्यायला देतात का. अनेक सोसायट्या देतात, कुणी विचारत नाही म्हणून नियम तसाच पडलेला असतो. नाहीतर बाहेरून कप्पी लावा. आणि पस्तीसऐवजी वीस किलोच्या गोण्या भरायला सांगा, गोण्या जास्त लागतील, त्याचे पैसे ते कितीसे.

खाली टेम्पोत भरल्यावर पुढे काय? इथे बहुतेक मालकांची गोष्ट संपते, "टेम्पोवाला घेऊन गेला". टेम्पोवाल्याला तुम्ही खेपेचे पैसे देता, पावती मागत नाही, तो रात्री मुठेच्या काठाला किंवा एखाद्या ओढ्यात, नाहीतर टेकडीच्या पायथ्याला रिकामा करून मोकळा होतो. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीत आहे, पण तिथपर्यंत जायला डिझेल लागतं आणि नदी वाटेतच आहे. तुम्ही पुण्यात राहता म्हणजे २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल, आंबिल ओढ्याला लोंढा आला, अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवला तेव्हा सिंहगड रस्त्याला एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. आता कुणी म्हणेल तुमच्या दहा टनांनी पूर आला का, तर नाही आला, पूर पावसानं, विसर्गानं, ओढ्यांवरच्या बांधकामांनी, सगळ्यांनी मिळून येतो. पण नदीचं पात्र अरुंद होतं ते असंच, एकेका टेम्पोनं, आणि त्यातला प्रत्येक टेम्पो कुणाच्यातरी छान झालेल्या घरातून निघालेला असतो. एकतानगरीतल्या तळमजल्यावरच्या माणसाला तुमच्या घराचा नंबर कधीही कळणार नाही. म्हणून म्हटलं, ग्रुपवर कोण बोलतंय यावरून क्रम ठरवू नका.

करायचं काय, तर कोटेशनमध्ये राडारोड्याची वेगळी लाइन लिहून घ्या, प्रकल्पावर टाकल्याची पावती दिल्यावरच पैसे. महाग पडतं, एकूण कामाच्या मानानं किरकोळ पडतं. आणि जे वाचवता येईल ते वाचवा, सागवानी चौकटी, जुने दरवाजे, पितळी नळ, ग्रिल, हे सगळं तोडायच्या आधी काढून ठेवलं तर घेणारे असतात. तुमच्या खोल्यांमधल्या शहाबादी किंवा चांगल्या मोझॅकला नुसतं पॉलिश मारून बघा एकदा, मी कॉन्ट्रॅक्टर असून सांगतोय, अर्ध्या घरांत फरशी काढायची गरजच नसते. फरशीवर फरशी पण लागते केमिकलनं, चौरस मीटरला पंचवीस-तीस किलो वजन वाढतं, ते तुमच्या इंजिनिअरला विचारून करायचं आणि दरवाजे खालून घासावे लागतात, पण दहा टन वाचले आणि आजींचे चार दिवसही वाचले.

माझ्या यादीत पहिला नंबर कुणाचा विचाराल तर कटरवर बसलेल्या पोराचा. टाइल, ग्रॅनाइट कोरडं कापताना जो पांढरा धूर उठतो त्यात सिलिका असते, आणि त्यातला जो सगळ्यात बारीक भाग आहे, जो डोळ्याला दिसतही नाही, तो फुप्फुसात खोल जाऊन बसतो. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. औषधानं खोकला कमी होतो, फुप्फुस परत येत नाही. संगमरवरात सिलिका अगदी कमी, ग्रॅनाइटमध्ये बऱ्यापैकी, आणि हल्ली किचन ओट्याला जो क्वार्ट्झ सगळ्यांना हवा असतो, एकसारखा पांढरा, डाग न पडणारा, त्यात नव्वद टक्क्यांच्या पुढे असू शकते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असल्या बनवलेल्या दगडावर बंदीच घातली, कापणारी तरुण मुलं आजारी पडायला लागली म्हणून. आपल्याकडे ते शोरूममध्ये प्रीमियम म्हणून मिळतं.

तुमच्या साइटवर काय होणार ते सांगतो. राजस्थानातला नाहीतर यूपीतला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा बाल्कनीत उकिडवा बसून कटर चालवणार, तोंडाला रुमाल. रुमालानं काही होत नाही, तो धूर रुमालातून आरपार जातो. तुम्ही पाणी म्हणालात की दुसरा पोरगा बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर धार धरणार, आणि विश्वास ठेवा, त्या एका बाटलीनं बराच फरक पडतो, ओल्या कापण्यात धूळ हवेत उडण्याऐवजी चिखल होऊन खाली पडते. अडचण एकच की चिखल होतो, बाल्कनी खराब होते, काम हळू होतं, म्हणून कोणी करत नाही. फक्त ओलं कापताना कटरचं वायरिंग धड पाहिजे आणि बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे शॉकची वेळ आली की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच, नाहीतर धूळ वाचवायला जाऊन शॉक बसायचा. एन ९५ मास्कचा डबा तुम्ही स्वतः आणून द्या, कॉन्ट्रॅक्टरच्या भरवशावर राहू नका, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा घातलाय का, उन्हाळ्यात घालवत नाही हेही खरं, मग मध्येमध्ये उठू द्या. ओटा शक्यतो दुकानातूनच मापानं कापून, होल पाडून आणा, तिथे निदान पाण्याची मशीन असते. क्वार्ट्झ घेऊच नका असं मी म्हणणार नाही, घर तुमचं, पण मी विचारणाऱ्याला ग्रॅनाइट सांगतो.

आणि त्या पोरांना संडासाला कुठे जायचं ते कुणीतरी ठरवलंय का? हे विचारलं की मालक माझ्याकडे बघत राहतात. दोन्ही बाथरूम पहिल्याच दिवशी तोडली की साइटवर संडास नाही, वॉचमनच्या संडासाला कुलूप, सोसायटी म्हणते बाहेर जा. मग माणसं दिवसभर पाणी कमी पितात. मे महिन्यात. मी एक बाथरूम शेवटपर्यंत चालू ठेवतो, दुसरं पूर्ण झालं की मगच ते तोडायचं, त्याच्या तारखा नोटिशीत आधीच लिहायच्या, वेळापत्रक थोडं लांबतं. तुमच्या कोटेशनमध्येही असंच लिहा. पिण्याच्या पाण्याचा जार लावा.

बारीकसारीक गोष्टी भराभर. एसीचं बाहेरचं युनिट समोरच्याच्या बेडरूमच्या खिडकीकडे गरम हवा फेकणार नाही असं लावा आणि त्याचं पाणी पाइपला जोडा, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपटप नको. बाथरूमला प्रेशर पंप लावायचाच असेल तर आपल्या स्वतःच्या टाकीवर लावा, सामाईक लाइनवर नाही, नाहीतर तुमचा शॉवर जोरात आणि वरच्यांचा नळ ठणठणीत कोरडा. पॉलिश आणि ड्यूकोचं, म्हणजे स्प्रेनं मारायच्या रंगाचं, काम घरात करू नका, फर्निचरचे शटर कारखान्यातूनच रंगवून आणा, थिनरचा वास डक्टमधून सगळ्या मजल्यांना जातो आणि जिन्यात एखाद्याला दमा असतोच. खुर्च्या-टेबलाच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावा, पन्नास रुपयांचं काम, आणि आजींना तुमचा खरा त्रास कदाचित इथूनच होणारे, ब्रेकर आठ दिवसांचा आणि रात्री अकराला ओढली जाणारी खुर्ची पुढची वीस वर्षं.

थांबायचं कुठे हाही तुमचा प्रश्न होता. दिवसाचे काही तास ठरलेल्या दिवशी आवाज होणार, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ज्या काकांना थेरं वाटतायत त्यांच्या घरातसुद्धा कधीतरी छज्जा नाहीतर कमोड नवा बसलाच असेल. सामाईक भिंतींच्या घरात राहायचं म्हणजे एकमेकांचं काम आळीपाळीनं सोसायचं असतं, आणि सोसायटी तुम्हाला नियम घालू शकते, काम करूच नका असं सहसा म्हणू शकत नाही. डिपॉझिट भरा, पावती घ्या, जिन्याचे आणि लिफ्ट असेल तर तिचे आधीचे फोटो काढून ठेवा. रंग कुठला, फरशी कुठली, पीओपी कशाला, यावर कुणी सल्ला दिला तर हो हो म्हणा. जिथे दुसऱ्याच्या छताला, फुप्फुसाला, पाण्याला धक्का लागतो तिथे मात्र तुमच्या आवडीला काही किंमत नाही, बजेटमध्ये बसत नाही हे कारण मी ऐकून घेत नाही, मग टाइल स्वस्त घ्या.

आजींकडे जाताना पेढे घेऊन जा, पण काम झाल्यावर वास्तुशांतीला बोलवायला नाही, आत्ता जा, दोघं मिळून जा. नुसतं "सॉरी हं आजी, थोडा त्रास होईल" म्हणून येऊ नका. त्यांना विचारा की तुम्ही कधी झोपता, डॉक्टरकडे कुठल्या वारी जाता, ब्रेकरच्या त्या आठ-दहा दिवसांत मुलीकडे किंवा बहिणीकडे जाणार असाल तर रिक्षा आम्ही करून देतो. कॉन्ट्रॅक्टरचा नाही, तुमचा स्वतःचा फोन नंबर द्या. आणि छताचे फोटो तेव्हाच काढून टाका, परत जायला नको.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना तीन कोटेशन घ्याल तेव्हा तिघांनाही हेच विचारा, राडारोडा कुठे टाकता आणि घमेली कुठे धुता. जो हसेल त्याला काम देऊ नका.